जुना संगणक उघडताना
सुट्टीच्या दिवशी जुना संगणक उघडणार असाल, तर आधी वीजजोडणी काढावी आणि रॅमच्या (संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीच्या) पट्टीला हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करून अंगातील स्थिर वीज उतरवावी. घड्याळ वारंवार मागे पडत असेल, तर मदरबोर्डवरील ३ व्होल्टची, नाण्याच्या आकाराची सीआर२०३२ बॅटरी बदलावी. खर्च किरकोळ असतो. त्यानंतर मेमटेस्ट (रॅममधील दोष शोधणारी चाचणी) लावावी. ८ जीबी रॅमची पूर्ण तपासणी होण्यास तासभर किंवा अधिकही लागू शकतो, तेव्हा पडद्याकडे टक लावून बसण्यापेक्षा जुन्या इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ वाचावा (माझी कित्येक पारायणे अशीच झाली). मात्र तपासणीत एक जरी चूक दिसली, तरी प्रत्येक पट्टी स्वतंत्रपणे तपासल्याशिवाय लिनक्स ही कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) बसवण्याची घाई करू नये.