लातूरच्या कॉलेजने बनवलेला छोटा उपग्रह सोडायला स्वतंत्र रॉकेट लागतं का?

नाही, मोठ्या उपग्रहाच्या सोबतीने जाता येतं. पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजचा ‘स्वयम्’ उपग्रह २२ जून २०१६ला असाच इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटवरून गेला. जेमतेम किलोभराचा ठोकळा, मुख्य प्रवासी कार्टोसॅट हा मोठा उपग्रह. फक्त हे एसटीसारखं आहे: गाडी जिथे जाईल तिथेच उतरायचं, कक्षा तुम्ही ठरवत नाही. उपग्रहच नको, नुसतं उपकरण तपासायचं असेल, तर पीएसएलव्हीच्या कक्षेत उरणाऱ्या चौथ्या, शेवटच्या टप्प्यावर, म्हणजे ‘पोएम’वर, ते बसवता येतं. पहिल्या प्रयत्नाला मी तर हेच सुचवेन, कारण वीज आणि संपर्क तिथे आयता मिळतो.

मी वाळूजला सीएनसी मशीनवर ॲल्युमिनियमचे सुटे भाग काढतो, क्यूबसॅटची, म्हणजे अशा ठोकळ्याएवढ्या उपग्रहाची, फ्रेमही काढली आहे. रुंदी १०० मिलिमीटर, कमी-जास्त व्हायला सूट फक्त ०.१ मिलिमीटर. कडेच्या पट्ट्या जरा जाड झाल्या तर ठोकळा रॉकेटवरच्या, त्याला बाहेर सोडणाऱ्या पेटीतून सरकतच नाही. पण हे काम आपल्याकडे होतं, त्यासाठी बंगळुरू गाठायची गरज नाही.

अडतं ते कागदांवर. खासगी अंतराळकामांना मंजुरी देणाऱ्या अहमदाबादच्या इन-स्पेस या सरकारी संस्थेची परवानगी लागतेच, शिवाय रेडिओ फ्रीक्वेन्सीची मंजुरी. ती फाईल डिझाईन सुरू असतानाच हलवा, नाहीतर ठोकळा तयार आणि पोरं पास होऊन पुण्याला.