फोल्डर पालथे घालणारा कोड रिव्ह्यू कसा करायचा?

प्रश्न : दादा नमस्कार. मी सातपूरला एका कंपनीत टेस्टिंगला आहे आणि संध्याकाळी सी मधल्या एका छोट्या ओपन सोर्स टूलवर काम करतो. ते टूल सगळे फोल्डर फिरून जुनी कॅश (तात्पुरत्या साठवलेल्या फाइली) शोधतं आणि उडवून टाकतं. आता एकाने फिरण्याचा कोड पूर्ण बदललाय, रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं) काढून स्टॅक (राहिलेल्या फोल्डरची यादी) घातलाय, वर स्पीडही वाढला म्हणतोय आणि मेंटेनरने (प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याने) रिव्ह्यूला माझं नाव टाकलंय. कोड वाचला, कळलाही, चूक काही दिसत नाही. ‘छान आहे’ लिहून मोकळा होऊ का?
– एक वाचक, सातपूर, नाशिक

उत्तर : नको होऊस. डिफ, म्हणजे बदललेल्या ओळी, वाचून चूक दिसली नाही यात काही नवल नाही, कारण असल्या कोडमधली चूक डिफमध्ये नसतेच, ती ज्या फोल्डरमध्ये हा कोड शिरणार आहे तिथे बसलेली असते. तू टेस्टिंगवाला आहेस म्हणजे तुझी बाजू उलट भक्कम आहे. आधी एक वाईटात वाईट फोल्डर बनव, त्यात जुनं आणि नवं दोन्ही व्हर्जन सोड, दोघांनी काय काय पाहिलं त्याच्या याद्या काढ आणि सॉर्ट करून ताडून बघ. सॉर्ट करायचंच, कारण फोल्डरमधली नावं एकेक करून देणारं रीडडिर हे फंक्शन ती कुठल्या क्रमाने देईल याची काही गॅरंटी नसते. एखादी टेस्ट त्या क्रमावर विसंबून असेल तर ती तुझ्या लॅपटॉपवर पास होईल आणि दुसऱ्याकडे आपटेल.

त्या फोल्डरमध्ये पहिली गोष्ट घाल सिमलिंक (दुसऱ्या फाइल-फोल्डरकडे बोट दाखवणारी लिंक), तीसुद्धा स्वतःच्याच वरच्या फोल्डरकडे नेणारी. श्रावणात तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी करणाऱ्याला त्र्यंबकेश्वर परत आलं की कळतं की फेरी झाली, प्रोग्रामला कोणी सांगितल्याशिवाय ते कळत नाही, तो चालतच राहतो. म्हणून बघ की कोड एलस्टॅट वापरतोय की साधं स्टॅट. एलस्टॅट लिंकबद्दल सांगतं, स्टॅट लिंकच्या पलीकडे जाऊन बोलतं आणि डिफमध्ये फरक फक्त एका अक्षराचा, डोळा सहज निसटतो. लिंकच्या आत जायचंच असेल तर पाहिलेल्या फोल्डरचा डिव्हाइस नंबर आणि आयनोड नंबर (त्या डिस्कवरची त्याची ओळख) जोडीने लक्षात ठेवावा लागतो, नुसता आयनोड पुरत नाही कारण दुसऱ्या डिस्कवर तोच नंबर असू शकतो.

आता स्पीडचं. बहुतेक वेळा हा स्पीड येतो तो प्रत्येक फाइलवर स्टॅट मारणं टाळून, कारण रीडडिर नावाबरोबर डी_टाइप देतं, म्हणजे फाइल आहे की फोल्डर ते तिथल्या तिथे कळतं. आयडिया चांगलीच आहे, पायथनमध्ये ३.५ पासून, म्हणजे २०१५ पासून, फोल्डर फिरणारं ओएस.वॉक याच धर्तीच्या स्कॅनडिरवर चालतं आणि त्याने बरंच वेगवान झालं. पण सगळ्याच फाइलसिस्टिम ही माहिती देत नाहीत, काही सरळ डीटी_अननोन, म्हणजे ‘माहीत नाही’, म्हणून मोकळ्या होतात, आणि तेव्हा कोडने गुपचूप एलस्टॅटकडे वळायला हवं. ते केलेलं नसेल तर अशा डिस्कवर टूल एकाही फोल्डरच्या आत शिरणार नाही आणि एररही देणार नाही, ‘काम झालं’ म्हणेल. मला विचारशील तर क्रॅश परवडला.

एररचीही हीच गत आहे. रीडडिर नल (रिकामं उत्तर) देतं ते यादी संपल्यावरही आणि बिघाड झाल्यावरही, दोन्हीतला फरक कळायला कॉलच्या आधी एररनो (शेवटच्या एररचा नंबर) शून्य करून नंतर तपासावा लागतो, आणि हे फार लोक करत नाहीत. एखाद्या फोल्डरची परवानगी काढून टाक आणि बघ, पूर्ण फेरी थांबते की तेवढं सोडून पुढे जाते? यातलं काय बरोबर ते टूलवर अवलंबून आहे, पण जुनं जसं वागायचं तसंच नवं वागतंय का हे विचारायचा तुला पूर्ण हक्क आहे. ही टेस्ट मात्र रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या, यूजरने चालवू नकोस, रूटला परवानगीची बंधनं लागतच नाहीत. डॉकरमधल्या (वेगळ्या बंदिस्त वातावरणातल्या) सीआयमध्ये, म्हणजे आपोआप टेस्ट चालवणाऱ्या यंत्रणेत, बरेचदा रूटच असतो, त्यामुळे तिथे ही टेस्ट काहीही न तपासता हिरवी दिसू शकते.

खोलीचं पण बघ. रिकर्शन काढलं म्हणून स्टॅक ओव्हरफ्लो (फंक्शन-कॉलची मेमरी भरून प्रोग्राम कोसळणं) टळला हे खरं, पण प्रत्येक पातळीवरचं फोल्डर उघडंच ठेवलं असेल तर एका प्रोसेसला किती फाइली उघडता येतात त्याची मर्यादा आडवी येते, लिनक्सवर ती साधारणपणे १०२४ असते. एकात एक हजार-दीड हजार फोल्डर बनवायला दोन ओळींची स्क्रिप्ट लागते, बनवून टाक.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुमचं टूल डिलीट करतं. ‘हे फोल्डर आहे, लिंक नाही’ असं तपासल्यानंतर आणि आत शिरण्याच्या आधी जो क्षण जातो, तेवढ्यात कोणी ते फोल्डर हलवून त्याच नावाची लिंक ठेवली तर? टूल लिंकमधून दुसऱ्याच्याच घरात शिरून साफसफाई करेल, आणि ते जास्त अधिकाराने चालत असेल तर बघायलाच नको. ही कल्पनेतली भीती नाही, रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीतल्या रिमूव्ह_डिर_ऑल मध्ये नेमकं हेच निघालं होतं, सुरक्षा-त्रुटींच्या यादीत त्याचा नंबर सीव्हीई-२०२२-२१६५८, जानेवारी २०२२ मध्ये १.५८.१ काढून दुरुस्त केलं. उपाय असा की पूर्ण पाथ पुन्हापुन्हा न उघडता आईफोल्डरचा डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फोल्डरचा नंबर) धरून ओपनॅटने उघडायचं, सोबत ओ_नोफॉलो (लिंक असेल तर आत जाऊ नको) लावायचं, आणि काढताना अनलिंकॅट. पाथची स्ट्रिंग जोडून अनलिंक मारलेलं दिसलं तर तिथेच थांब आणि विचार.

एक मात्र आधीच माग. कोडची मांडणी बदलणं आणि वागणूक बदलणं या दोन गोष्टी एकाच पुल रिक्वेस्टमध्ये (बदल सामील करून घ्या या विनंतीत) असतील तर वेगळ्या करायला सांग. लोक कुरकुर करतात, करू दे.

प्रश्न : आमच्या वाचनालयात जुन्या अंकांचे स्कॅन आहेत, फाइलींची नावं मराठीत. अर्ध्या मॅकवर केल्या, अर्ध्या विंडोजवर. लिनक्सवर आणल्या तर काही कॉपीच होईनात, आणि काही सारख्या नावाच्या दोन-दोन दिसतात. टूल बिघडलंय का?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : ताई, टूल ठीक असावं. कॉपी न होण्याचं कारण बहुधा लांबी. विंडोजच्या एनटीएफएसवर नावात २५५ युनिट चालतात आणि आपलं एक अक्षर किंवा मात्रा म्हणजे एक युनिट, पण लिनक्सच्या एक्सटी४ वर २५५ बाइट, आणि यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीत) आपलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. म्हणजे ८५ चिन्हांत खेळ खलास, ‘महाराष्ट्र’ एवढ्यालाच ३० बाइट जातात.

सारख्या दिसणाऱ्या जोड्यांमध्ये ‘दुसऱ्या’, ‘तिसऱ्या’ असलं काही आहे का बघा. जुन्या मॅकची एचएफएस प्लस फाइलसिस्टिम ‘ऱ’ ला तोडून र आणि नुक्ता (खालचा टिंब) असं ठेवायची, विंडोज जसं टाइप केलं तसं ठेवतं, आणि लिनक्सला दोन्ही वेगळे बाइट दिसतात. हे युनिकोड नॉर्मलायझेशनने, म्हणजे दोन्ही रूपं एकाच ठरलेल्या रूपात आणून, जुळतं. पण काही कीबोर्ड तोच अर्धा र साध्या र ला हलंत आणि न दिसणारा जॉइनर लावून काढतात, ते नॉर्मलायझेशनलाही जुळत नाही, तिथे आपणच नियम लिहायचा. सातपूरच्या मित्रानेही हे वाचावं: फिरणाऱ्या कोडने नावाला हात लावायचा नाही, डिस्कने दिले तसेच बाइट पुढे द्यायचे. जुळवाजुळव फक्त तुलना करताना. नाहीतर नाव ‘सुधारून’ उघडायला गेलं की अशी फाइलच नाही म्हणून उत्तर येतं.

प्रश्न : रिव्ह्यूमध्ये सीनिअर माणसाच्या कोडवर बोलायला भीती वाटते, माझं इंग्रजीही कच्चं आहे.
– एक विद्यार्थी, नाशिकरोड

उत्तर : इंग्रजी लागतंच कुठे फार. कोणती कमांड चालवली, काय व्हायला हवं होतं, काय झालं, एवढं टाक आणि खाली ते वाईट फोल्डर बनवणारी स्क्रिप्ट चिकटव. ‘मला हे बरोबर वाटत नाही’ यावर वाद होतो, स्क्रिप्टवर होत नाही, समोरचा चालवतो आणि एकतर दुरुस्त करतो किंवा तुझी समजूत कुठे चुकली ते सांगतो, दोन्हीत तुझा फायदाच. कोडबद्दल बोल, माणसाबद्दल नको. उत्तर नाही आलं तर आठवड्याभराने एकदा आठवण कर, बहुतेक मेंटेनर नोकरी सांभाळून हे करतात. आणि ती स्क्रिप्ट टेस्टमध्ये घ्या म्हणून वेगळी पुल रिक्वेस्ट टाक, मर्ज व्हायला तीच सगळ्यात सोपी असते.