अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या नॉवू या मॉर्मन गावाजवळ दोन लहान मुलांना घेऊन वर्षभर राहायचं आहे. कसं असतं तिथे?

तुमच्या प्रश्नात मला तीन काळज्या दिसल्या. धर्म बदला म्हणून मागे लागतात का, सहा आणि दोन वर्षांची मुलं तिथे रमतील का, आणि नवऱ्याचं काम मिसिसिपी नदीपलीकडे आयोवा राज्यातल्या फोर्ट मॅडिसनला असताना घर नदीच्या कोणत्या बाजूला घ्यावं. आम्हीही असेच प्रोजेक्टपुरते तिथे होतो. नवऱ्याची नोकरी आयोवात, घर नॉवूत आणि मुलं तुमच्या मुलांएवढीच. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

घर नॉवूतच घ्या, असं मी सांगेन. फोर्ट मॅडिसनला दुकानं, दवाखाने जास्त आहेत हे खरं. पण लहान मुलांना घेऊन दिवसभर घरी असणाऱ्या बाईला पायी जाता येईल असं काहीतरी लागतं, आणि ते नॉवूत भरपूर आहे. मॉर्मनांच्या काळची घरं-दुकानं दुरुस्त करून तिथे लोकांना दाखवतात. पर्यटक एका दिवसात सगळं गाव उरकतात. तुम्ही तसं करू नका. आज लोहाराचं दुकान, पुढच्या आठवड्यात बेकरी, असं थोडं थोडं बघा. मुलांना तीच तीच जागा पुन्हा बघायला आवडते, आणि कुठेही तिकिटाचे पैसे पडत नाहीत.

जायच्या आधी गावाचा इतिहास माहीत असला तर राहण्याला अर्थ येतो. 27 ऑक्टोबर 1838 रोजी मिसूरीचे गव्हर्नर लिलबर्न बॉग्स यांनी आदेश काढला की मॉर्मनांना राज्यातून हुसकून लावा, नाहीतर त्यांचा नायनाट करा. (हा आदेश अधिकृतपणे रद्द व्हायला 1976 साल उजाडलं.) थंडीत पोराबाळांसह निघालेल्या या लोकांना मिसिसिपीच्या पलीकडे, इलिनॉयमधल्या क्विन्सी गावाने आसरा दिला. मग 1839 मध्ये मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांनी नदीच्या वळणावरची दलदलीची जमीन घेतली. पहिल्या उन्हाळ्यात हिवतापाने माणसं पटापट आजारी पडली. तरी पाणी काढून देऊन, विटा भाजून त्यांनी गाव उभं केलं, आणि पाच-सहा वर्षांत वस्ती बारा हजारांच्या आसपास गेली. 27 जून 1844 रोजी जवळच्या कार्थेज गावच्या तुरुंगात जमावाने जोसेफ आणि त्यांचे भाऊ हायरम यांना गोळ्या घालून मारलं. 4 फेब्रुवारी 1846 पासून मॉर्मनांच्या गाड्या नदी ओलांडून पश्चिमेकडे निघाल्या. आज गावात जेमतेम हजार माणसं राहतात.

मला सगळ्यात भिडलं ते जोसेफ यांच्या जवळच्या पुढाऱ्यांपैकी हीबर किंबल यांचं घर. भिंतीवर 1845 हे साल कोरलेलं आहे, पक्क्या विटांचं, नीट बांधलेलं घर. पुढच्या फेब्रुवारीत कुटुंब ते सोडून गेलं. त्यांच्याच पणतूने, जो डॉक्टर होता, 1954 मध्ये ते विकत घेऊन दुरुस्त केलं आणि तिथून गावाच्या जीर्णोद्धाराला सुरुवात झाली. पार्ली स्ट्रीटने नदीकडे चालत गेलात तर रस्त्याच्या कडेला निघालेल्या लोकांच्या डायऱ्यांतल्या ओळी फलकांवर लावलेल्या आहेत. बाळाला ढकलगाडीत घालून मी तिथे खूप वेळा चालले. आपण स्वतःच सामान बांधून परक्या गावी आलेलो असलो की त्या ओळी वेगळ्याच वाचल्या जातात. तेव्हाच्या बायका बाळंतपणं तंबूत आणि गाडीत करत गेल्या.

मुलांसाठी तर तिथे खजिना आहे. घोडागाडीतून आणि बैलगाडीतून फिरवतात. (आमच्या मुलीला बैलांचं नवल नव्हतं, पण गाडी हाकणाऱ्या आजोबांचं फार होतं.) स्कोव्हिल बेकरीत जिंजरब्रेडची बिस्किटं मिळतात, वीटभट्टीवर इवलीशी वीट भेट देतात, लोहार घोड्याच्या नालेच्या खिळ्याची अंगठी करून दाखवतो. दोरखंड वळणं, मेणबत्त्या करणं, जुन्या काळचे खेळ, हे सगळं हाताने करू देतात. दोन वर्षांच्या मुलाला मात्र बंदुका बनवणाऱ्या ब्राउनिंगच्या दुकानात नेऊ नका, काचा आणि ‘हात लावू नका’ यातच वेळ जातो. जुलैत टेकडीखाली मोठा नाट्यप्रयोग होतो, तेव्हा आषाढीला पंढरपूरचं जे होतं तेच छोट्या प्रमाणात या गावाचं होतं. घरमालक भाडं कसं आणि कोणत्या महिन्यांसाठी सांगतो ते त्यामुळे आधीच लेखी घ्या. उन्हाळ्यात पर्यटकांना घर देण्यासाठी काही जण जूनपर्यंतचाच करार करतात.

आता धर्माचं. दाखवायला ठेवलेल्या प्रत्येक जुन्या घराच्या फेरीच्या शेवटी वाटाड्या आपली श्रद्धा दोन-चार वाक्यांत सांगतो. कधी ‘बुक ऑफ मॉर्मन’ची प्रत देऊ करतो, कधी फोन नंबर लिहाल का म्हणून विचारतो. हसून ‘नको, आम्ही हिंदू आहोत आणि त्यात समाधानी आहोत’ म्हटलं की विषय संपतो. गुळमुळीत उत्तर देऊ नका, नंबर भिडेखातर देऊ नका. ‘बघू’ म्हटलं तर ते खरंच बघायला येतात, आणि तो त्यांचा दोष म्हणता येणार नाही. आम्हाला कुणीही त्रास दिला नाही. उलट गणपतीत आमच्या घरी आलेल्या एका निवृत्त जोडप्याने मूर्तीचं विसर्जन का करतात हे इतकं लक्ष देऊन ऐकलं की मला बरं वाटलं.

हे वाटाडे बहुतेक स्वयंसेवक असतात. निवृत्त नवरा-बायको स्वतःच्या खर्चाने काही महिन्यांपासून दीड-दोन वर्षांपर्यंत सेवेला येतात, आणि तरुण मुली ‘सिस्टर’ म्हणून येतात. म्हणजे ते सगळेही तिथे तात्पुरतेच. नातवंडं यूटा किंवा आयडाहोत सोडून आलेल्या या आज्या आपल्या मुलांना फार जीव लावतात. तुमच्या मुलांना आजी-आजोबांची उणीव भासणार असेल तर या ओळखी जपा. गावात कायमचे राहणारे वेगळे आहेत. त्यांच्यात मॉर्मन नसलेले पुष्कळ, पिढ्यान् पिढ्या शेती करणारी कॅथलिक कुटुंबंही आहेत. यांच्याशीही ओळख ठेवा. शाळेत, वाचनालयात तीच माणसं भेटतील, आणि गावाकडे बघण्याची त्यांची नजर निराळी आहे.

घरी बोलावलंत तर चहा-कॉफी विचारू नका, त्यांच्यात दोन्ही निषिद्ध, दारू-तंबाखूही. मी वेलचीचं गरम दूध किंवा कोकम सरबत देत असे. तुम्ही शाकाहारी असाल तर त्यांच्या सामुदायिक जेवणात रंगीत जेली दिसली की विचारून घ्या, तिच्यात जिलेटिन असतं. आणि ‘मॉर्मन’ म्हटल्याने कुणी रागावत नाही, पण 2018 पासून चर्चचा आग्रह आहे की पूर्ण नाव घ्यावं: द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. निदान ‘तुमचं चर्च’ म्हणा.

टेकडीवरचं पांढरं मंदिर बाहेरूनच बघायचं. पहिलं मंदिर 1846 मध्ये पूर्ण झालं, 1848 मध्ये जळलं, 1850 मध्ये वादळाने भिंती पाडल्या. आजचं त्याच जागी, त्याच धर्तीवर बांधलं आणि 27 जून 2002 रोजी त्याचं समर्पण झालं, म्हणजे जोसेफ यांच्या मृत्यूच्या तारखेलाच. आत फक्त चर्चची परवानगी असलेल्या सभासदांना सोडतात. आवारात कुणीही फिरावं. खांबांवरचे सूर्याचे चेहरे आमच्या मुलीने कितीदा तरी चितरले.

एक गोष्ट मनापासून सांगते. फेरीत ऐकाल ती गोष्ट छळ सोसलेल्या भाविकांची आहे आणि ती खरी आहे, पण पुरी नाही. जोसेफ स्मिथ यांनी नॉवूत असताना बहुपत्नीत्व गुप्तपणे चालवलं. चर्चने स्वतः 2014 मध्ये लेख प्रसिद्ध करून हे मांडलं, त्यात बायकांची संख्या तीस ते चाळीसच्या घरात असल्याचे अंदाज दिले आहेत. 1844 च्या जूनमध्ये मतभेद झालेल्या लोकांनी ‘नॉवू एक्स्पोझिटर’ हे वृत्तपत्र काढलं, त्यात या गोष्टींवर लिहिलं. पहिला अंक निघाला तोच शेवटचा ठरला, कारण जोसेफ महापौर असलेल्या नगर परिषदेने छापखाना मोडायचा हुकूम दिला. त्या प्रकरणातून ते कार्थेजच्या तुरुंगात गेले, आणि तिथे तो खून झाला. खुनाच्या खटल्यात पाचही आरोपी सुटले. दोन्ही बाजूंनी अन्याय झाला असं माझं मत आहे, आणि ते मी तिथल्या ओळखीच्या लोकांशी बोलतानाही लपवलं नाही.

या सगळ्यात मला जोसेफ यांच्या पत्नी एमा स्मिथ यांच्याबद्दल फार वाटतं. नवरा गेल्यावर सगळं गाव पश्चिमेला निघालं, पण एमा मुलांना घेऊन तिथेच राहिल्या आणि 1879 मध्ये तिथेच वारल्या. त्यांच्या मुलाने 1860 मध्ये वेगळ्या शाखेचं नेतृत्व घेतलं. स्मिथ कुटुंबाची घरं, लाल विटांचं दुकान आणि नदीकाठची थडगी त्या शाखेकडे होती. मार्च 2024 मध्ये ओहायोतल्या कर्टलंड मंदिरासकट ती यूटातल्या मुख्य चर्चने 19 कोटी 25 लाख डॉलरला घेतली. नदीकाठी गेलात तर एमा यांच्या थडग्यापाशी थोडं थांबा. कार्थेजचा तुरुंग अर्ध्या तासावर आहे. दारावर गोळीचं भोक अजून आहे. सहा वर्षांच्या मुलीला मी आत नेलं नाही. तिला बाहेरच्या हिरवळीवर खेळू दिलं आणि आम्ही दोघं आळीपाळीने बघून आलो.

नॉवूचा कंटाळा आला की कीओककला जा. जानेवारीत धरणाखालचं पाणी गोठत नाही, तिथे मासे पकडायला पांढऱ्या डोक्याचे बाल्ड ईगल जमतात. फेअरफील्ड तासा-सव्वातासावर आहे. महर्षी महेश योगींचं विद्यापीठ 1974 पासून तिथे आहे, त्यामुळे आयोवाच्या मक्याच्या शेतांत शाकाहारी जेवण आणि भारतीय चेहरे दिसतात. भारतीय किराणा मात्र महिन्यातून एकदा आयोवा सिटीकडे जाऊन भरून आणावा लागतो.

बाकी व्यवहाराच्या गोष्टी. नॉवू इलिनॉयमध्ये, फोर्ट मॅडिसन आयोवात. या दोन राज्यांत करार आहे, पगारावरचा राज्य कर राहत्या राज्यातच भरायचा असतो. नवऱ्याला ऑफिसात तसा फॉर्म भरून द्यायला सांगा, नाहीतर भलत्याच राज्याचा कर कापला जातो. फोर्ट मॅडिसनचा पूल 1927 चा आहे, वर मोटारी आणि खाली रेल्वे. मालवाहू बार्ज आलं की पुलाचा मधला भाग फिरतो आणि सगळे थांबतात, म्हणून पहिल्या पाळीला वीस मिनिटं आधी निघायचं. तुमचं स्वतःचं ड्रायव्हिंग लायसन्स काढा, ते नसेल तर नॉवूत अडकून पडाल. साध्या दुखण्याला कार्थेज किंवा फोर्ट मॅडिसन, मुलांच्या मोठ्या दुखण्याला आयोवा सिटीचं विद्यापीठाचं रुग्णालय.

उन्हाळ्यात गवतातून आल्यावर मुलांच्या कानामागे, काखेत गोचिड्या बघायच्या. जुलैत नदीवरून मेफ्लाय नावाच्या माश्यांचे ढग येतात, त्या चावत नाहीत, फक्त रात्री अंगणातला दिवा बंद ठेवा. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी 10 वाजता वादळाचा भोंगा वाजतो, ती चाचणी असते. इतर वेळी वाजला तर मुलांना घेऊन तळघरात.

शाळेसाठी इलिनॉय लसीकरणाची नोंद आणि डॉक्टरी तपासणीचा फॉर्म मागतं. किंडरगार्टनला घालणार असाल तर डोळे आणि दात यांचीही तपासणी लागते. निघण्याआधी भारतातल्या बालरोगतज्ज्ञाकडून लसींची यादी तारखांसह इंग्रजीत, सही-शिक्क्यानिशी घेऊन ठेवा. शाळा ऑगस्टच्या मध्याला सुरू होते, तेव्हा शक्य असेल तर जुलैतच पोचा. मुलगी शाळेत जायच्या आधी तिची गावाशी ओळख झालेली असेल. तारीख ठरली की खाली कमेंटमध्ये लिहा. घर बघताना घरमालकाला काय काय विचारायचं ते मी तिथे सांगेन.