कॅल्गरीला निघालेल्या पोरीस

प्रिय पोरी,

व्हिसा आल्याचं कळलं, फार आनंद झाला. कॅनडातल्या या कॅल्गरीत मी बारा हिवाळे काढलेत, म्हणून हक्काने चार गोष्टी सांगते.

आधी पत्ता नीट लिहायला शीक. शहराचे चार भाग आहेत आणि बहुतेक रस्ते नंबराचे. तोच नंबर दुसऱ्या भागातही सापडतो. पत्त्याच्या शेवटचं एनडब्ल्यू (वायव्य) किंवा एसई (आग्नेय) राहिलं, की टॅक्सी तुला भलत्याच टोकाला सोडेल.

मग चिनूक, म्हणजे हिवाळ्यात तिथे येणारा उबदार वारा. जानेवारीत उणे वीस असताना एखाद्या सकाळी पश्चिमेला ढगांची लांब कमान दिसेल, तिच्याखाली निळ्या आभाळाची पट्टी. काही तासांतच पारा शून्याच्या वर. पॅसिफिककडून आलेला ओला वारा रॉकी पर्वत चढताना पाऊस-बर्फ तिकडेच टाकतो आणि कोरडा होऊन खाली उतरताना तापतो. आपला सह्याद्री कोकण भिजवून माणदेश कोरडा ठेवतो ना, तीच रीत. छपरांवरून पागोळ्या गळतात, मुलं टी-शर्टवर फिरतात, काहींची डोकी मात्र ठणकतात. रात्री तेच पाणी फुटपाथवर गोठून काचेसारखं होतं. मी अशाच एका संध्याकाळी पडले आणि मनगट मोडून घेतलं. ऊन पडलं तरी जाड जॅकेट घरी ठेवायचं नाही, बूट पकड असलेलेच घ्यायचे. डाउनटाउनमध्ये रस्त्यापासून पंधरा फुटांवर इमारती जोडणारे बंद पूल आहेत, प्लस फिफ्टीन म्हणतात. कडाक्यात तिथूनच चाल.

स्वस्त म्हणून बेसमेंट घेशील. बो किंवा एल्बो नदीजवळ असेल तर घरमालकाला सरळ विचार, जून २०१३ च्या पुरात पाणी आत आलं होतं का? उत्तर देताना तो घुटमळला तर दुसरं घर बघ.

नोकरीचंही हवामानासारखंच. तेल कंपन्यांच्या कचेऱ्यांवर हे शहर पोसलंय. २०१४ च्या अखेरीस तेलाचे भाव कोसळले, तेव्हा मजलेच्या मजले रिकामे झाले. माझ्या शेजारची तीन टेबलं एका आठवड्यात उठली. पगार चांगला मिळेल, पण सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत गाडीचं कर्ज काढू नकोस. तोवर सी-ट्रेन, म्हणजे शहरातली लोकल, आहे.

रॉकी पर्वतातलं बॅन्फ जेमतेम सव्वाशे किलोमीटर, तिकडे जाशीलच. पहिली कमान दिसली की मला फोन कर. इथे मध्यरात्र असली तरी चालेल.

तुझी,
मावशी