वाचक विचारतात : मशालींचा हिशेब कोण ठेवणार?

मागच्या अंकात मी आमच्या अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या घराच्या बेसमेंटमध्ये नव्वदच्या दशकात काही हिवाळे चालवलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’बद्दल लिहिलं होतं. हा पात्रं घेऊन, बोलत-बोलत गोष्ट घडवायचा खेळ. टेबलाभोवती पाच-सहा जण, फासे, पेन्सिली आणि १९८१ सालची ६४ पानी नियमावली. त्यावर आलेल्या पत्रांतले तीन प्रश्न इथे घेते.

प्रश्न : तुम्ही डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणाऱ्या, तेव्हा गोष्ट आधीच रचून ठेवत असणार. मग खेळाडूंच्या हातात उरतं काय? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : गोष्ट रचलेलीच नसायची. ग्राफ पेपरवर भुयाराचा नकाशा, कुठल्या खोलीत कोण राहतं आणि कुणाचं कुणाशी वाकडं आहे, एवढंच माझ्या वहीत. बाकीचं सगळं त्या नियमांतल्या रुक्ष आकडेमोडीतून उभं राहायचं.

आता हेच बघा. योद्ध्याच्या पात्राला दुसऱ्या लेव्हलला, म्हणजे वरच्या पायरीला, जायला २००० गुण लागतात. एक गॉब्लिन (भुयारात राहणारा छोटा राक्षस) मारला की मिळतात ५, तेही सगळ्यांत वाटून. पण भुयारातून सोन्याचं एक नाणं सुखरूप बाहेर आणलं की त्याचा एक गुण. म्हणजे मारामारी हा चक्क आतबट्ट्याचा व्यवहार! शहाणा खेळाडू तलवार म्यानात ठेवून खजिना कसा लांबवता येईल ते बघतो. पण नाण्यांना वजन असतं, दहा नाण्यांचा एक पौंड. वजन वाढलं की चाल मंदावते. खेळातल्या दहा मिनिटांची एक पाळी, आणि मशाल टिकते सहा पाळ्या. दर दोन पाळ्यांनी मी एक फासा टाकायचे, १ पडला की अंधारातून कुणीतरी हजर.

एकदा मंडळी खालच्या मजल्यावरून पोती ओढत निघाली होती. हातात शेवटची मशाल. फाशावर १ पडला आणि समोरून सहा गॉब्लिन आले. अशा वेळी समोरच्याचा नूर काय आहे, तेही दोन फासे टाकून ठरतं. २ पडले तर थेट हल्ला, १२ पडले तर गळ्यात गळे. पडले ९, म्हणजे बोलणी करायला तयार. आमच्यातला एकजण तात्या नावाचं बुटक्याचं पात्र चालवायचा. नोकरीत दिवसभर विम्याचे दावे तपासणारा गृहस्थ, घासाघीस त्याच्या रक्तातच. वरच्या मजल्यावरच्या ऑर्कांनी (हे गॉब्लिनांहून दांडगे राक्षस) गॉब्लिनांची वाट अडवली होती हे माझ्या वहीत होतं, त्यामुळे त्यांना सोनं नकोच होतं, खायला हवं होतं. तात्याने सगळ्यांचं सुकं मांस त्यांच्या हवाली केलं, वेग वाढावा म्हणून तांब्याची नाणी जागच्या जागी ओतून टाकली आणि वर गॉब्लिनांकडूनच जवळची वाट काढून घेतली. तो सबंध हिवाळा मग गॉब्लिन विरुद्ध ऑर्क यातच गेला. मी यातलं काहीही योजलं नव्हतं.

प्रश्न : बारा वर्षांच्या मुलीला शिकवायचं आहे. जुन्या नियमांत पात्रं फार पटापट मरतात म्हणे. ती रडेल का? (एक आई, कोल्हापूर)

उत्तर : पटापट मरतात हे खरं. जादूगाराचे हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसेल तो आकडा, चार बाजूंच्या फाशाने ठरतात, एखाद्याच्या नशिबी एकच येतो. गॉब्लिनचा एक फटका सहापर्यंत जाऊ शकतो, आणि शून्य झालं की खेळ खलास. हवं तर पहिल्या लेव्हलला फासा न टाकता कमाल आकडा देऊन टाका. बरेच जण तसं करतात. पण तिचं पात्र वाचावं म्हणून लपून फासा फिरवू नका. मुलांना ते लगेच कळतं, आणि मग ती दाराला कान लावून ऐकायचं सोडून बेधडक दार उघडायला लागतात. नवं पात्र करायला पंधरा मिनिटंही लागत नाहीत. ताकद, बुद्धी अशा सहा क्षमतांसाठी तीन फासे सहा वेळा टाका, पडेल ते ओळीने लिहा. नाहीतर पगारी मशालजी सोबत असतोच, त्यालाच पुढे आणा. आमच्याकडे तसा बढती मिळालेला गण्या नंतर सगळ्यांना पुरून उरला.

प्रश्न : पुण्यात सुरू करायचं तर ते जुनं पुस्तकच शोधावं लागेल का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : नाही. मला ते जेन कॉन या खेळांच्या जत्रेत सेकंडहँड मिळालं. ही जत्रा १९८५ ते २००२ मिलवॉकीतच भरायची, आणि गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा मूळ खेळ १९७४ साली ज्या लेक जिनिव्हा गावातून निघाला तेही गाडीने तासाभरावर. तुम्ही ‘बेसिक फँटसी’ ही नियमावली घ्या. नियम त्याच वळणाचे, पीडीएफ रीतसर फुकट. ४, ६, ८, १०, १२ आणि २० बाजूंचे फासे मागवा, आलेखवही कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळेल. नियम इंग्रजीत असले तरी टेबलावर खुशाल मराठी बोला.

मशालींची नोंद हिशेबाला चोख असलेल्याकडे द्या, नकाशा दुसऱ्याकडे. जुन्या नियमांप्रमाणे सगळ्यांच्या वतीने बोलायला एक ‘कॉलर’ही नेमायचा असतो. तो आम्ही कधी नेमला नाही. सगळे एकदमच बोलायचे, आणि टेबलावर निम्मे पुणेकर असताना ते थांबवायच्या भानगडीत मी पडले नाही.