गॅरार्ड ४०१ टर्नटेबल (रेकॉर्ड फिरवणारं यंत्र) मिळालंय, टोनआर्म (सुई धरणारी दांडी) नाही. जुना एसएमई ३००९ घेऊ की रेगा आरबी३००? पुढे किंमत कशाची टिकेल?

नुसतं ऐकायचं असेल तर आरबी३०० घ्या आणि मोकळे व्हा. १९८३ चा आर्म, दांडी एकसंध ओतलेली, फारशी कटकट नाही. पण तो निघाला ढिगाने, त्यामुळे संग्राहक त्याच्यासाठी जीव टाकत नाहीत. किंमत धरणारा म्हणाल तर ३००९. एसएमईने २०१९ च्या अखेरीस आर्म सुटे विकणंच बंद केलं, तेव्हापासून जुन्यांकडे लोकांचं जास्तच लक्ष आहे.

त्यातली खरी गंमत बेअरिंगची. आमच्या कोल्हापूरच्या गुजरीतल्या सराफांचा जुना काटा बघितलाय का? दांडीच्या मध्यावर पोलादी धार, ती खाचेत टेकलेली, म्हणून गुंजभर सोन्यालाही पारडं हलतं. ३००९ ची दांडी वरखाली होते ती अशाच धारेवर. नंतरच्या काहींत ही धार नायलॉनची आली. मी तरी पोलादीच शोधेन.

बघायला जाल तेव्हा मागचं वजन सरकवून दांडी अधांतरी तोला आणि सुईच्या बाजूने हळूच फुंकर मारा. अडखळली तर सोडून द्या. मागची नळी बाजूने बघा. ती रबराने जोडलेली असते, रबर मेलं की वजनासकट खाली झुकते. माझी झुकलेलीच होती. रबर बदलता येतं, पण भाव पाडायला तेवढं कारण पुरतं.

आणि सुई रेकॉर्डच्या मध्याकडे ओढली जाऊ नये म्हणून दोऱ्याला टांगायचं चिमुकलं वजन असतं ना, ते आधी मागा. माझ्या आर्मचं हरवलेलं होतं. उद्यमनगरात लेथवर पितळी काढून घेतलं, काम एकदम चोख, आवाजात तसूभर फरक नाही. विकायला काढला तेव्हा पुण्याच्या गिऱ्हाइकाने ते चिमटीत धरलं, हसला आणि म्हणाला, "हे ओरिजिनल नाही." तिथेच माझा सौदा फिसकटला.

कार्ट्रिज (दांडीच्या टोकाचा, सुई बसवलेला भाग) कोणतं लावणार ते मात्र लिहिलं नाहीत. ३००९ ची दांडी हलकी, तिला शुअर व्ही१५ सारखं मऊ सुईचं कार्ट्रिज मानवतं. डेनॉन डीएल-१०३ सारख्या ताठ सुईच्या कार्ट्रिजला ती पुरत नाही, त्याला वजनदार आर्म लागतो.

४०१ च्या लाकडी पेटीला आधीच भोक पाडलंय का, तेही बघा. एसएमईचा पाया मागेपुढे सरकतो, म्हणून त्याला लांबट खाच लागते. रेगाला गोल भोक. खाच असेल तर विचारायचं कामच नाही.