‘काही नाही, जाऊ दे’

प्रिय मुली,

परवा तुमच्या वास्तुशांतीला तू पंगतीत माझ्या समोर बसली होतीस. तुझ्या मामीनं काहीतरी सांगितलं, सगळे हसले आणि तूही हसलीस. पण क्षणभर उशिरा, इतरांची तोंडं बघून. ते हसू मला ओळखू येतं. मीही कितीतरी वर्षं तसाच हसत आलो.

तुझा ऑडिओग्राम, म्हणजे कानांच्या तपासणीचा आलेख, तुझ्या बाबांनी मला दाखवला. तुला न विचारता मी तो पाहिला, त्याबद्दल आधी माफ कर. दोन्ही कानांना त्रास आहे, डावा त्यातल्या त्यात बरा. ऐकायचं मशीन घेऊन महिना झाला आणि ते अजून डबीतच आहे, हेही कळलं. तिथंच बोललो असतो, पण त्या गलक्यात तू नुसती मान डोलावली असतीस. म्हणून लिहितोय.

मी यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालते ठेवणारा, होतो. रोज आठ तास कानावर ८५ डेसिबलहून जास्त आवाज पडू नये म्हणतात. आमच्या शेडमध्ये शेजारच्यानं कानाशी ओरडलं तरी शब्द लागत नसे. धोट्यांच्या खडखडाटात आम्ही सगळे ओठ आणि हात बघूनच बोलायचो. त्यामुळे मला कमी ऐकू येतंय हे शेडमध्ये कधी कळलंच नाही. तिथं कुणालाच ऐकू येत नव्हतं. उघडं पडलं ते घरी.

एका जानेवारीत रात्री जेवताना आईनं काहीतरी विचारलं. मी ‘हो हो’ म्हटलं. दुसऱ्या दिवशी जादा पाळी करून संध्याकाळी घरी आलो, तर आई इरकली लुगडं नेसून उंबऱ्यात बसलेली. तिनं विचारलं होतं, ‘उद्या अक्षतेला नेशील का?’ सिद्धेश्वराच्या यात्रेतली ही अक्षता, म्हणजे देवाचा लग्नसोहळा, वर्षातून एकदाच. अक्षता होते त्या संमती कट्ट्यावरून सातही काठ्या, म्हणजे नंदीध्वज, कधीच निघून गेल्या होत्या. त्या रात्री मी तिला पहिल्यांदा सांगितलं, की काल मला ऐकूच आलं नव्हतं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग माझ्याकडे तोंड करून, सावकाश म्हणाली, ‘मला वाटायचं, तुला माझं ऐकायचा कंटाळा येतो.’

हे तुला मुद्दाम सांगतोय. आपण मान डोलावतो ती समोरच्याला त्रास नको म्हणून. त्याला मात्र वाटतं, आपलं लक्ष नाही, किंवा आपल्याला शिष्टपणा आलाय. तुझ्या मैत्रिणी तुला हल्ली ‘भाव खाते’ म्हणतात ना, तेही यातूनच आलं असणार.

आवाज येतो पण शब्द लागत नाही, याचं कारण समजून घे, म्हणजे स्वतःला मठ्ठ म्हणणार नाहीस. तुझा आलेख उजवीकडे उतरत जातो. म्हणजे जाड आवाज शाबूत आहेत आणि बारीक आवाज गळताहेत. स्वर जाड असतात, म्हणून कुणी बोलतंय हे कळतं. पण स, श, फ, थ हे बारीक असतात आणि शब्द तर त्यांच्यावरच उभा असतो. ओठ बघावेत, तर पान, बाण आणि मान ओठांवर जवळजवळ सारखेच दिसतात. त्यात हे आपलं सोलापूर. माणूस मराठीत सुरू करतो, मधेच शेजाऱ्याशी तेलुगू बोलतो आणि कन्नडमध्ये संपवतो. ज्याचे कान चांगले, तो त्या वळणाबरोबर वळतो. आपण भाषा बदलली हे ओळखेपर्यंत वाक्य संपलेलं असतं. तू चाटी गल्लीच्या बाजारात गोंधळून गेलीस त्यात तुझी काही चूक नव्हती.

‘काय?’ एवढंच विचारलंस, की लोक तेच वाक्य ओरडून सांगतात. ओरडल्यानं चेहरा वाकडा होतो, शब्द काही स्पष्ट होत नाही. जेवढं ऐकू आलं तेवढं बोलून दाखव: ‘शनिवारी जायचंय हे कळलं, किती वाजता?’ सगळ्यात वाईट उत्तर म्हणजे ‘काही नाही, जाऊ दे.’ माझं मन त्यानं जेवढं मोडलं, तेवढं बहिरेपणानं नाही मोडलं. कुणी तसं म्हणालं तर शांतपणे सांग, विशेष नसलं तरी मला ऐकायचंय. पहिल्यांदा घसा दाटून येईल. तरी सांग.

आता मशीन. चष्मा घातला की लगेच दिसतं, तसं याचं नसतं. पहिल्या दिवशी कुकरची शिट्टी, स्वतःच्या चपला, वर्तमानपत्राचा कागद, सगळं अंगावर येतं. मेंदूला ते आवाज पुन्हा ओळखायला काही आठवडे लागतात. आधी घरी दोन तास घाल, एकाच माणसाशी बोल, मग वेळ वाढव. कानात शिट्टी वाजली किंवा मशीनचा कानात बसणारा साचा टोचला तर डबीत टाकू नकोस, ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे मशीन बसवून देणाऱ्या श्रवणतज्ज्ञाकडे, परत जा. ते त्यांचं कामच आहे. सेलचं स्टिकर काढल्यावर मिनिटभर हवा लागू दे, मग बसव. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या घामात रात्री मशीन ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवायला विसरू नकोस. आणि एखाद्या दिवशी अचानक एका कानाचं ऐकू येणं कमी झालं, तर थांबू नकोस, त्याच दिवशी कान-नाक-घसा डॉक्टरांना गाठ.

संध्याकाळी डोकं जड होतं, कुणाशी बोलू नये वाटतं, असं तू आईला म्हणालीस. दिवसभर तुटके शब्द जोडायला खरोखरच शक्ती लागते. घरी आलीस की अर्धा तास मशीन काढून बस. पण का बसलीस ते घरच्यांना सांगून बस, नाहीतर त्यांना रुसवा वाटेल. रडू आलं तर रड. काहीतरी गेलंय आणि ते गेल्याचं दुःख होणारच.

रविवारी सकाळी सात वाजता सिद्धेश्वर तलावाच्या काठी ये. तेव्हा तिथं गाड्या नसतात. मशीन घालून ये आणि माझ्या उजव्या हाताला बस. माझा उजवा कान बरा आहे, तुझा डावा.

तुझे काका